जावई

गेल्या महिन्यात बेळगावच्या उद्यमबागेत पुतण्याच्या शेडमध्ये सहज डोकावलो. त्याच्याकडे एक जुनी पॉवर प्रेस आहे, दिवसभर पत्र्याचे वायसर पाडत असते. तिच्या पायाचा एक बोल्ट तिसऱ्यांदा तुटला होता. पोरगा पान्याला हातभर पाइप लावून चौथा बोल्ट आवळत होता. मानेच्या शिरा टरारलेल्या.

"काका, आता असा आवळलाय की हलायचं नाव नको."

"हा पण तुटणार," मी म्हटलं.

"तुमचं काय तरी असतंयच बघा."

असतंय की. ३८ वर्षं रेल्वेच्या खडीवर काढली आणि त्यातली निम्मी याच एका गोष्टीत गेली: बोल्ट का तुटतो. त्या दिवशी चहा येईपर्यंत त्याला सांगायला सुरुवात केली. मध्ये त्याचं गिऱ्हाईक आलं आणि विषय तुटला. म्हणून इथं लिहितो. वाचेल सवडीनं.

मी १९८५ साली गँगमन म्हणून लागलो. पुढे चावीवाला झालो, शेवटी मुकादम. कागदावर आमची नावं बदलत गेली, गँगमनचा ट्रॅकमन झाला, ट्रॅकमनचा ट्रॅक मेंटेनर झाला. फावड्याचं वजन तेवढंच राहिलं. लागलो तेव्हा लोंढा ते मिरज मीटर गेज होतं, दोन रुळांत बरोबर एक मीटर अंतर. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज आलं, १६७६ मिलिमीटर. आमची गँग बेळगाव आणि लोंढ्याच्या मधली. देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी ही नावं बेळगावातल्यांना गोव्याला जाताना खिडकीतून दिसतात तेवढीच माहीत. टिळकवाडीच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गेटावर ताटकळत उभं राहून तुम्ही रेल्वेला ज्या शिव्या घातल्यात, त्यातल्या वाटणीच्या मला पोचल्या आहेत, हेही सांगून ठेवतो.

आमचा त्या वेळचा मुकादम गोकाककडचा, कन्नड माणूस. आम्ही सगळे त्याला मामा म्हणायचो, तो आम्हाला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. लागला तेव्हा सदर्न रेल्वे होती. १९६६ साली हुबळी विभाग साउथ सेंट्रलमध्ये गेला, २००३ साली साउथ वेस्टर्नमध्ये आला. मामा तिन्ही रेल्वेत नोकरी करून एकाच गँगेतून निवृत्त झाला. बिल्ला बदलला, हद्द बदलली नाही. गँगेत निम्मे कन्नड, निम्मे मराठी, दोघे-तिघे आंध्रातले. भाषेवरून भांडण झालेलं मला आठवत नाही. चहाच्या पैशावरून झालेलं चांगलं आठवतं.

माझे बोल्ट तुटायचे ते रुळांच्या जोडावर. त्या जोडाला मराठीत आपण सांधा म्हणतो. त्यातही गोंधळ आहे, कारण गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर घेतात तोही सांधाच, आणि तो बदलणारा सांधेवाला. मी बोलतोय तो साधा सांधा, रुळाला रूळ जोडतात तो. मामा त्याला संदु म्हणायचा. कन्नडात संदु म्हणजे जोडही आणि फटही. एकाच शब्दात दोन्ही. मला वाटतं ती भाषा इथं आपल्यापेक्षा शहाणी आहे, कारण रुळाच्या सांध्यात जोड जेवढा महत्त्वाचा तेवढीच फट.

ब्रॉडगेजचा रूळ तेव्हा १३ मीटरचा यायचा. पोलाद तापलं की एका अंशाला मीटरमागे साधारण ०.०११५ मिलिमीटर वाढतं. ऐकायला काहीच नाही. पण डिसेंबरच्या पहाटे आमच्याकडं रूळ हाताला चटका बसेल इतका गार असतो, बारा-तेरा अंश. एप्रिलच्या दुपारी तोच रूळ ५५ च्या पुढं जातो, हवेपेक्षा रूळ वीसेक अंशांनी जास्तच तापतो. हिशेब करा, १३ मीटरला साडेसहा मिलिमीटरच्या आसपास. एका पेन्सिलीएवढी जाडी. तेवढी जागा रुळाला मिळाली नाही तर तो बाजूला पळतो. म्हणून दोन टोकांमध्ये फट ठेवायची, दोन्ही अंगांनी फिशप्लेट, म्हणजे पोलादी पट्ट्या, लावायच्या आणि चार बोल्टांनी धरायचं. धरायचं पण सरकू द्यायचं. इथंच सगळी गंमत आहे.

बघणाऱ्याला वाटतं की फिशप्लेट रुळाच्या पोटाला चिकटलेली असते. ती पोटाला टेकतच नाही. रुळाला डोकं असतं, ज्यावर चाक फिरतं, खाली रुंद पाय असतो आणि मध्ये पातळ पोट. फिशप्लेट डोक्याच्या खालच्या उतारात आणि पायाच्या वरच्या उतारात पाचरीसारखी बसते. बोल्ट आवळला की पाचर आत ओढली जाते. म्हणजे भार जातो तो त्या दोन उतारांवरून. बोल्टाचं काम फक्त पाचर जागेवर ठेवायचं. हे मला समजायला चार वर्षं लागली. कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायला वेळ कुणाला होता?

आता जावयाकडं येतो.

एका लहान स्टेशनच्या बाहेर, जांभा खोदून काढलेल्या कटिंगमध्ये एक सांधा होता. स्टेशनचं नाव सांगत नाही. तिथं ३९ मीटरची पॅनेल होती, म्हणजे तीन-तीन रूळ वेल्ड करून एक केलेले, आणि दर पॅनेलच्या टोकाला सांधा. बाकीचे सांधे गपगुमान पडून असायचे. हा एक मात्र दर महिन्याला पाहुणचार मागायचा. म्हणून गँगेनं त्याचं नाव जावई ठेवलं. मी सकाळी बीट, म्हणजे पायी फेरी, संपवून आलो की मामा कन्नडात जावयाची चौकशी करायचा, "अळिया?" मी म्हणायचो, "रुसलाय."

चावीवाल्याचं काम तुम्हाला माहीत नसेल. रोज आपल्या हद्दीतून चालत जायचं, जाताना एका रुळाकडं लक्ष, येताना दुसऱ्याकडं. खांद्यावर पाना, हातोडा, पिशवीत दोन लाल बावटे आणि फटाके. फटाके म्हणजे रुळावर बांधायचे ते, चाकाखाली फुटून ड्रायव्हरला थांबवणारे. ब्रॉडगेजवर अडथळ्यापासून ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतरानं तीन. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. रूळ ज्या आडव्या स्लीपरवर बसतो, त्याला धरून ठेवणारी पाचर म्हणजे चावी. ती सैल दिसली की ठोकायची, सैल बोल्ट दिसला की आवळायचा. खडीवर पांढरी भुकटी दिसली की थांबायचं. ती भुकटी म्हणजे स्लीपर खाली पोकळ आहे, गाडी गेली की आदळतो आणि खडी दळतो. जावयाच्या खाली उन्हाळ्यात पीठ सांडल्यासारखी भुकटी असायची. जुलैत तिचा चिखल व्हायचा, आणि इंजिन गेलं की स्लीपरच्या बगलेतून तांबड्या पाण्याची चिळकांडी उडायची. खानापूरकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

मामानं मला पहिल्यांदा जावई दाखवला तो गाडी येताना. "लांब उभं राहा, वाक आणि फक्त सांध्याकडं बघ. गाडीकडं बघू नको." अवघड असतंय ते. समोरून शेकडो टन लोखंड येतंय आणि वीतभर जागेकडं बघायचं. पण बघितलं. चाक पहिल्या रुळाच्या टोकावर आलं की टोक खाली दबायचं. दुसऱ्या रुळाचं टोक अजून वरच. चाक त्या टोकाला ठोकर मारून वर चढायचं आणि मग तेही दबायचं. एका डब्याला चार वेळा, आणि डबे सतरा-अठरा. एकेरी मार्ग असल्यामुळं मिरजेकडून येणारी गाडी एका टोकाला मारायची आणि लोंढ्याकडून येणारी दुसऱ्या. दुहेरी मार्गावर मार एकाच टोकाला बसतो. आमच्या जावयाला दोन्हीकडून.

फिशप्लेट कितीही चांगली असली तरी अख्ख्या रुळाचा ताठपणा तिच्यात नसतो. म्हणून सांधा मुळातच दुबळा. दबला की खालची खडी दळते, खडी दळली की आणखी दबतो. पाणी साचलं की मग विचारूच नका.

२००० सालच्या पावसाळ्यात आम्ही त्याची पहिली सेवा केली. खडी उकरली, जॅक लावून सांधा उचलला, चौघांनी बीटर घेऊन स्लीपरखाली खडी ठोकली. दोरा धरून बघितलं, सुतासारखा सरळ. वीस दिवसांत परत खाली. परत ठोकला. परत बसला. गँग वैतागली. त्यातच वरून एक साहेब आले. त्यांनी पाना लावून बघितला, म्हणाले, बोल्ट ढिले आहेत, आवळा. आम्ही आवळले. साहेब समोर आहेत म्हटल्यावर पान्याला पाइप लावून आवळले. मीच आवळले. तेव्हा अंगात ताकद होती, त्यामुळं अक्कल लागायची नाही.

मामा काही बोलला नाही. साहेब गेल्यावर तंबाखू मळत एवढंच म्हणाला, "तम्मा, बोल्ट आवळून झीज भरत नसती."

एप्रिल आला. एक दिवस दुपारी दीड-दोनच्या सुमारास मी कटिंगच्या कडेनं येत होतो, लांबून रूळ बघितला आणि पोटात गोळा आला. जावयाच्या अलीकडं रूळ किंचित बाजूला गेला होता. ज्यांना सवय नाही त्यांना दिसलाही नसता. झालं असं होतं की पाइप लावून आवळलेला सांधा जाम झाला होता. फट होती, पण रूळ त्या फटीत सरकेना. उन्हानं वाढलेल्या पोलादाला जागा हवी होती आणि आम्हीच दार लावून घेतलं होतं. बावटा लावून गाडी थांबवली, मामा आला, बोल्ट ढिले केले. पहिला बोल्ट सुटताना जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो, बंदुकीसारखा. मग रूळ हळूहळू आपल्या जागेकडं आला. गाडी पायी चालीनं सोडली.

तरी आम्ही शिकलो नाही. ढिल्या बोल्टाची भीती मनातून जात नाही हो. पावसाळा आला, सांधा डगडगायला लागला, आम्ही परत आवळत गेलो. डिसेंबरच्या एका पहाटे जावयापाशी आलो तर बोल्टाचं नट लागलेलं अर्धं टोक खडीत पडलेलं. दंव पडलं होतं, तुटलेलं तोंड आतून करडं चमकत होतं. आता उलटा खेळ झाला होता. थंडीनं रूळ आखडला, सांधा जाम, ओढ सगळी बोल्टावर. तुटला.

पुतण्या, इथपर्यंत आला असशील तर तुझा चौथा बोल्ट आठव.

सांध्यांना तेल-ग्रीस करायचं काम वर्षातून एकदा, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करायचं असतं. फार ऊनही नको, फार थंडीही नको. त्या वर्षी मामानं जावयाला पहिला नंबर दिला. कॉशन लावला, म्हणजे गाड्यांना वेगाची मर्यादा, ताशी ३० किलोमीटर. बोल्ट काढले. फिशप्लेट काही सुटेना, गंजानं धरून ठेवली होती. खालून पहार घालून हिसडा दिला तशी ती चपलेसारखी फट्ट करून पडली.

मामानं ती मांडीवर घेतली. एखादी बाई तवा घासायला घेते तशी तारेच्या ब्रशनं घासली. टोकांकडं जुना काळा थर होता. पण मधोमध, जिथं दोन रुळांची टोकं येतात, तिथं वरच्या कडेला चार बोटं जागा आरशासारखी चकचकीत आणि तिच्या भोवती कुंकवासारखी बारीक तांबडी भुकटी. "हे बघ," म्हणाला. माझं बोट धरून त्या कडेवरून फिरवलं. टोकाकडून मध्याकडं येताना बोट खाली उतरत होतं. दिसत नव्हतं, पण कळत होतं. झीज. रुळाच्या डोक्याखालीही तशीच. म्हणजे फिशप्लेट दोन्ही टोकांना घट्ट आणि मध्ये, जिथं तिची खरी गरज, तिथं हवेत. बोल्ट कितीही आवळा, ती टोकांवरच अडणार. मधली पोकळी तशीच राहणार.

मग त्यानं ती रॉकेलच्या फडक्यानं पुसली, कोरडी केली आणि शाळेतल्या खडूनं पांढरी केली. विडी पेटवून ओढेपर्यंत थांबलो. खडूवर कुठं तेलकट रेघ उमटते का बघायचं, चीर असली तर तिच्यात मुरलेलं रॉकेल बाहेर येतं. एका प्लेटवर काही नाही. दुसरीवर मधोमध, वरच्या कडेपासून खाली, केसाएवढी रेघ आली. हळूच आली, शाईसारखी. ती प्लेट मामानं परत वापरली नाही.

मग खिशातून आरसा काढला. दाढीचा असतो तसला गोल, पत्र्याची कड असलेला, जत्रेत मिळणारा. तो रुळाच्या डोक्याखाली धरून ऊन आत पाडायचं आणि खालची बाजू बघायची, बोल्टाच्या भोकांच्या कडा बघायच्या. रूळ फुटतो तो बऱ्याच वेळा भोकापासून. चीर पंचेचाळीस अंशात तिरकी जाते आणि फिशप्लेटनं झाकलेली असते, वरून चालणाऱ्याला दिसत नाही. त्या दिवशी भोकं ठीक होती.

औषध काय? शिम. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला निमुळती पोलादी पट्टी, फिशप्लेटच्या माथ्यावर आणि रुळाच्या डोक्याखाली मधोमध बसवायची, झिजलेली जागा भरून काढायला. किती जाडीची लागेल ते झीज मोजून ठरतं. मामानं फीलरची पानं एकेक घालून मोजलं. मग घासलेल्या जागी ग्राफाइट, रॉकेल आणि काळं तेल यांचा लेप, बोल्टांना नुसतं तेल. नवी प्लेट, शिम, बोल्ट. आवळताना आधी मधले दोन, मग टोकाचे दोन. आणि पाना नुसता. पाइप मामानं स्वतः उचलून कटिंगच्या वर फेकून दिला. तो परत आणायला कोण जाणार?

मग खडी. लाकडी गोळ्याची काठी स्लीपरवर सोडून आवाज ऐकायचा, भरीव की पोकळ. पोकळ तेवढाच ठोकायचा. सगळ्यात शेवटी कटिंगची गटार. ती मला आधी करायची होती, कारण चिखलाचं मूळ तिच्यात होतं. जांभ्यातून झिरपणारं पाणी बरोबर जावयाखाली मुरत होतं. मामा म्हणाला, गटार शेवटी, कारण ती केल्यावर माणसाच्या हातात काही करायचा जोर उरत नाही. खरंच उरला नाही.

जावई एक पावसाळा शहाण्यासारखा राहिला. म्हणजे शंभर टक्के नाही. एक मीटरची सरळ पट्टी सांध्यावर मधोमध ठेवली की रुळांच्या टोकांपाशी उजेड दिसायचाच. खडी ठोकून, शिम भरूनही तो उजेड जाईना. मामानं सांगितलं, आता रूळच वाकलाय. वर्षानुवर्षं मार खाऊन टोकं कायमची खाली झुकतात, मग खालून कितीही उचला, टोकांचं खाली बघणं सुटत नाही. याला इंग्रजीत हॉगिंग म्हणतात. आणि वरून चपटलेलं टोक वेगळं. ते मोजायचं टोकापासून ३० सेंटिमीटर आत उंची किती आणि टोकावर किती, यातल्या फरकानं. जावयाला दोन्ही दुखणी होती.

जानेवारी २००३ मध्ये तेल द्यायला परत उघडला, मामानं आरसा धरला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग आरसा माझ्या हातात दिला. दुसऱ्या भोकाच्या वरच्या कडेला तिरकी चीर होती, तांदळाच्या दाण्याएवढी. मला आधी ओरखडा वाटला. खडू लावला, रेघ उमटली.

त्यानंतर आमच्या हातात काही नव्हतं. लगेच कॉशन, मग ब्लॉक, म्हणजे कामापुरत्या गाड्या बंद. जावयाच्या एका बाजूचा अर्धा मीटर कापला, दुसऱ्या बाजूचा साडेबारा मीटर, आणि मध्ये अख्खा १३ मीटरचा चांगला रूळ. त्याचं एक टोक वेल्ड केलं, दुसऱ्या टोकाला नवा सांधा. भोकं ड्रिलनं पाडली, गॅसनं कधीच पाडायची नाहीत, आणि भोकांच्या कडा घासून मोडल्या, म्हणजे तिथून चीर सुरू होत नाही.

वेल्डिंग मी पहिल्यांदा इतक्या जवळून बघत होतो. थर्मिट. अॅल्युमिनियमची भुकटी आणि लोखंडाचा गंज, असं ज्याला म्हणता येईल ते, एका भट्टीच्या भांड्यात. जर्मनीतल्या हान्स गोल्डश्मिटनं याचं पेटंट १८९५ साली घेतलं आणि १८९९ साली एसेनच्या ट्रामच्या रुळांवर ते वापरलं गेलं, असं वेल्डिंगच्या साहेबांनी सांगितलं. मला तेव्हा इतिहासापेक्षा भांड्यात ओल नाही ना याची काळजी. ओल राहिली तर उकळतं पोलाद बाहेर उडतं. रुळांच्या टोकांत २५ मिलिमीटरची फट, दोन्ही टोकं जरा वर उचललेली, कारण थंड होताना डोकं आखडतं आणि टोकं खाली येतात. तेवढी आधीच उचलून ठेवायची. भोवती साचा, साच्याला मातीचं लिंपण, मग बर्नरनं टोकं लाल होईतो तापवली. वर भांडं आणलं, वात पेटवली.

दिवाळीतल्या झाडासारखं आधी फुरफुरलं, मग बघवेना. अॅल्युमिनियम गंजातला प्राणवायू खेचून घेतं आणि लोखंड मोकळं होतं, अडीच हजार अंशांच्या घरात. वीस-पंचवीस सेकंदांत भांड्याचं बूड उघडलं आणि पिवळं पांढरं पाणी खाली साच्यात गेलं. आवाज अगदी कमी, दूध उतू जाताना होतो तेवढा. मामा हात मागे बांधून लांब उभा होता. कुणी तरी ओरडलं, "मामा, जावई गेला!" मामा म्हणाला, "कुठं गेला? अर्धा मीटर सरकला."

खरं होतं. पण अर्धा मीटर सरकल्यामुळं तो झिरप्याच्या जागेवरून जरा बाजूला आला, टोकं सरळ, प्लेट नवी. फट थर्मामीटर लावून ठेवली. त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत त्या जागी बोल्ट तुटला नाही. मामा त्याच वर्षी घरी गेला. जाताना आरसा मला दिला. रेल्वेचा एक खिळा घरी नेला तरी केस होते, पण आरसा त्याचा स्वतःचा होता, मायाक्काच्या जत्रेतला.

पुढं तिथं काँक्रीटचे स्लीपर आले, मीटरला ६० किलोचे रूळ आले, सगळं एकसंध वेल्ड झालं. आता डोक्यावर तारा आहेत आणि बाजूला दुसरा मार्ग. लोक विचारतात, फट नाही तर उन्हाळ्यात रूळ वाढून जातो कुठं? जात नाही. खडी आणि स्लीपर त्याला धरून ठेवतात, वाढायची ओढ आतल्या आत ताण होऊन राहते. म्हणून तर उन्हाळ्यात खडी उकरायला परवानगी नसते. सांधे उरलेत ते यार्डात, सायडिंगला, गाडी रूळ बदलते त्या काट्यापाशी. आणि एखादं वेल्ड तपासणीत खराब निघालं तर त्यावर पोट बाहेर आलेली जॉगल्ड फिशप्लेट लावतात. ती दिसली की मी गाडीच्या खिडकीतून मान वळवून बघतो. बायको म्हणते, ह्यांना डोंगर दिसत नाहीत, दूधसागर दिसत नाही, बोल्ट दिसतात.

(गुडघ्याच्या सांध्यावरचा विनोद ज्यांना सुचला असेल त्यांनी मनातल्या मनात करून घ्यावा. डॉक्टरांनी माझ्यावर तो तीनदा केलाय.)

परवा रविवारी परत उद्यमबागेत गेलो. चौथा बोल्ट तुटलेला होताच, पुतण्यानं सांगितलं नाही, पण नवा बोल्ट कोरा दिसत होता. मी काही बोललो नाही. खिशातून आरसा काढला, कमरेत वाकता येईना म्हणून त्यालाच धरायला लावला, आणि मोबाइलची बॅटरी आरशावर मारली. प्रेसच्या चार पायांपैकी तीन पाय पट्टीवर टेकलेले होते. चौथ्याखालची पट्टी घासून घासून कडेला सरकली होती. मध्ये फट. भोवती कुंकवासारखी तांबडी भुकटी.

त्यानं खिशातली एक पावती काढली, चार घड्या घातल्या आणि फटीत सरकवून बघितली. आरामात गेली.

"काका, शिम कसली घालू? पितळेची चालेल का?"

"आधी मोज," मी म्हटलं. "आणि तो पाइप कुठाय, तो मला दे."